विमानाची दृष्ट

ते विमान आमच्या गावावरून जायचं तेव्हा चुलीजवळच्या जर्मनच्या गंजावरची, म्हणजे भाताच्या पातेल्यावरची, झाकणी आधी थरथरायची. मग आवाज यायचा. मग माय हातातलं काम टाकून उठायची, फडताळातून मूठभर मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घ्यायची, अंगणात जायची आणि आभाळाकडे तोंड करून विमानाची दृष्ट काढायची. ओवाळताना पुटपुटायची, "रानातली, पान्यातली, वाटंवरची, घाटावरची, कोनाची असन त्याची..." आणि ती मूठ अंगणातल्या चुलीत टाकायची. मिरचीचा ठसका लागला तर दृष्ट नव्हती, आणि वास आला नाही तर होती, असा आमच्याकडचा हिशेब. पण अंगणातल्या चुलीचा धूर तलावावरचा वारा कुठल्या कुठे घेऊन जायचा, त्यामुळे ठसका कधी लागायचा नाही आणि विमानाला दर वेळी दृष्ट लागलेली निघायची. माय समाधानाने म्हणायची, "गंजभर नजर होती आज."

गावात त्या विमानाला 'दोनशेपट्या' म्हणत. खालून पाहिलं की त्याला मागे दोन शेपट्या दिसत आणि त्या दोन्हींना जोडणारी एक आडवी पट्टी. लहानसं होतं, पण वेग असा की आवाज ऐकून मान वर केली तर आवाजाच्या जागी आभाळ मोकळं. विमान केव्हाच पुढे वैनगंगेकडे निघून गेलेलं असायचं. गावातली पोरं आवाजाच्या पुढे बघायला लवकर शिकली. माय शिकली नाही. ती आवाज जिथून येई तिकडेच ओवाळायची.

त्या हिवाळ्यात मी दारात उभा राहून हे बघत होतो. ती दृष्ट माझी होती. दोनशेपट्या चालवायला शिकायला गेलेला गावातला, आणि माझ्या माहितीत साऱ्या मुलखातला, एकटा पोरगा मी होतो. हैदराबादेजवळच्या फौजेच्या तळावरून मी घरी आलो होतो. घरी सांगितलं होतं की सुट्टी आहे. सुट्टी नव्हती. मला त्या विमानावरून काढून टाकलं होतं, पुढचा हुकूम येईपर्यंत घरी जा म्हणून सांगितलं होतं, आणि हे घरात कोणाला ठाऊक नव्हतं.

आमचं गाव नागभीडहून बैलबंडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, एका मोठ्या तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली. आम्ही ढिवर, मासे धरणारे. तलाव आमचा नव्हता, पण तलावातलं सगळं आम्हाला पाठ होतं. कुठे शिंगाडे, कुठे कमळाचा गाळ, कुठल्या बुडालेल्या खोडाशी मरळ बसते, हे बा डोळे मिटून सांगायचा. पहाटे पाळीवरून बदकांचा कलकलाट सुरू व्हायचा. मग डोंग्यात बांबू आपटल्याचा आवाज, मग बायकांचे उखळ. घरात शिजायचं ते नव्या धानाचा भात, लाखोरीची पातळ डाळ आणि मासळी. मासळी नसेल त्या दिवशी झिंग्यांची चटणी. वाळवलेले झिंगे तव्यावर भाजून, मिरची-लसणासोबत पाट्यावर रगडून माय ती करायची, आणि तिचा वास पार शाळेपर्यंत जायचा. मास्तर म्हणायचे, तुझ्या घरी आज तलाव आटला वाटतं. त्यांना हसू यायचं, मला राग यायचा. आज शहरातल्या या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात सून झिंगे भाजायला लागली की शेजारचे दार लावून घेतात, तेव्हा मला मास्तरांची आठवण येते आणि आता मात्र हसू येतं.

थोरली ताई लग्न होऊन ब्रह्मपुरीकडे गेली तेव्हा मी लहान होतो. मग मी चांद्याला वसतिगृहात, मग नागपूरला कॉलेजात. शिकायला म्हणून मी जितका घरापासून लांब गेलो तितकं घरी आल्यावर कोणाशी काय बोलावं ते कळेनासं झालं. बरोबरीची पोरं जाळं टाकत, लग्न करत, बाप होत. मी सुट्टीत पाळीवर पुस्तक घेऊन बसलो की ती मला पाहून रस्ता बदलत. तिरस्काराने नव्हे, अवघडून. कॉलेजात छात्रसेनेच्या एका साहेबांनी माझे डोळे तपासले आणि म्हणाले, तू विमान चालवायला जा. ढिवराच्या पोराचे डोळे चांगलेच असतात, पाण्यावर वाढलेले असतात. पण त्या डोळ्यांनीच पुढे घात केला, तो कसा ते आता सांगतो.

सुरुवातीला शिकलो ती पंख्याची विमानं. तिथे मी बरा होतो. मग जेट. त्याचं नाव व्हॅम्पायर. या नावाचा अर्थ मी मायला कधी सांगितला नाही. रक्त पिणाऱ्या भुतात पोरगा बसतो हे तिला कळलं असतं तर मूठभर मिठावर भागलं नसतं. पहिल्या दिवशी मी त्या विमानाच्या नाकाडावर बोटाने वाजवून पाहिलं आणि चकित झालो. ते लाकडाचं होतं. शेपट्या आणि पंख धातूचे, पण पुढचा भाग, जिथे आपण बसतो तो, पातळ लाकडी फळ्या एकावर एक चिकटवून केलेला. सागवानाच्या रानातून आलेला मी, मला तो आवाज ओळखीचा वाटला. आणि ते जळायचं ते घासलेटवर, आमच्या घरच्या चिमणीत जे जळतं त्याच्याच भावंडावर. इंजिन सुरू झालं की लांब शिट्टी वाजायची आणि सगळीकडे आमच्या घरातल्या संध्याकाळचा वास पसरायचा. तळावर मी फार एकटा होतो. इंग्रजी बोलणारी, टेनिस खेळणारी पोरं भोवती. त्या शिट्टीच्या आणि वासाच्या वेळी मात्र मला घरी असल्यासारखं वाटायचं.

त्यात दोन खुर्च्या शेजारी-शेजारी असत. डावीकडे शिकणारा, उजवीकडे शिकवणारा, आणि जागा इतकी थोडी की खांद्याला खांदा लागायचा. माझे साहेब पंजाबी, भारदस्त, बोलायला मऊ. वर गेलो की मी चांगला होतो, हे त्यांनीच म्हटलं आहे. एकदा नकाशावरच्या सरळ रेघेवरून आम्ही उत्तरेला आलो आणि खाली आमचा तलाव दिसला. बोटाच्या नखाएवढा, चकचकीत. पाळीखाली आमचं घर असणार, पण ते दिसलं नाही. मी मान वाकडी करून बघत राहिलो. साहेबांनी विचारलं, "क्या है वहां?" मी म्हणालो, "घर." ते म्हणाले, "बस, देख लिया? अब मोड़ो." त्यानंतरच्या सुट्टीत मी घरी सांगितलं, आमची विमानं इकडूनच जातात. तेव्हापासून मायचं मीठ-मिरची सुरू झालं.

मी अडलो तो उतरताना. ते विमान जमिनीला फार टेकून चालायचं. बसलेल्या माणसाचं बूड आणि धावपट्टी यांच्यात अंतर ते काय? उतरताना नेमक्या क्षणी नाक जरासं वर घ्यायचं असतं. मी ते दर वेळी उशिरा घ्यायचो. विमान आदळायचं, उडायचं, पुन्हा आदळायचं. साहेब दांडी हातात घ्यायचे आणि मग घामाने ओला झालेला मी हात मांडीवर घेऊन बसायचो. का होतंय हे मला खूप दिवस कळेना. मग एका संध्याकाळी खाटेवर पडल्यापडल्या कळलं. लहानपणापासून बाने मला भाल्याने मासा मारायला शिकवलं होतं. पाण्यातला मासा दिसतो तिथे नसतो. तो त्याच्या खाली असतो. दिसतो तिथे भाला मारला तर हात कोरडा. म्हणून डोळ्याला दिसेल त्याच्या खाली मारायचं, हे माझ्या अंगात इतकं मुरलं होतं की समोर धावपट्टी आली तरी माझं अंग म्हणायचं, अजून खाली आहे, अजून खाली आहे. आणि ती तिथेच असायची.

हे मी साहेबांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "जमीन पानी नहीं है, बेटा. जमीन जहां दिखती है, वहीं है." हे वाक्य मी रोज मनात म्हणत उतरलो आणि रोज आदळलो. शेवटी दुसऱ्या एका अधिकाऱ्याने माझी परीक्षा घेतली. उतरल्यावर त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे न बघता पट्टे सोडले. तेव्हाच कळलं.

तळावर माझा एकच मित्र होता, मॅथ्यू. केरळातला, काळाभोर, हाडकुळा, हिंदी माझ्याहून वाईट. त्याला जन्म देऊन आई गेली होती आणि तो मावश्यांच्या घरी फिरतफिरत वाढला होता. आमच्यात बोलणं फार नव्हतं. मैत्री झाली ती मायच्या चटणीवरून. मी डबा उघडला तसा तो दुसऱ्या टोकाच्या खाटेवरून उठून आला, नाक पुढे करून. त्यांच्याकडेही वाळल्या झिंग्यांची चटणी करतात म्हणे, खोबरं घालून. त्याने बोटाने चाटली आणि बराच वेळ खिडकीकडे बघत बसला. हे मी मायला सांगितलं होतं. तेव्हापासून ती चटणीचे दोन डबे द्यायची, एक माझा आणि एक "त्या बिनमायच्या चटनीवाल्याचा". निघायच्या दिवशी मॅथ्यू मला स्टेशनावर सोडायला आला. गाडी हलताना म्हणाला, मी एकटा लांबच्या वाटेवर निघेन तेव्हा तुझ्या तलावावर पंख हलवीन. मी म्हटलं, साहेबांनी पाहिलं तर तुलाही घरी पाठवतील. तो म्हणाला, मला कुठल्या घरी पाठवतील?

तर असा मी परतलो. नागभीडला छोट्या आगगाडीतून उतरलो, आणि बा बंडी घेऊन उभा होता. त्याने मला वरून खालपर्यंत पाहिलं, ट्रंक उचलून बंडीत ठेवली आणि बैलांना हाक दिली. वाटेभर एक शब्द नाही. बा तसा कमी बोलणाराच, म्हणून मला त्यात काही वाटलं नाही.

गावात मात्र प्रश्नांची कमी नव्हती. दुसऱ्याच दिवशी दोनशेपट्या गेलं आणि शेजारचे सदाशिवभाऊ कुंपणावरून म्हणाले, "का गा, तू त इथी हायेस. मंग तुयी गाडी कोन चालवून राह्यला?"

मी म्हणालो, "दुसरे आहेत ना भाऊ, बरेच आहेत."

"अन् तू देऊन आलास? हाताखालचे बैल दुसऱ्याच्या हाती देते का कोनी? बिघडवून ठेवन ना तो."

त्यांचं म्हणणं सगळ्या गावाला पटलं. आमच्याकडे ज्याचा डोंगा त्याचा, ज्याची बैलजोडी त्याची. तसं ज्याचं विमान त्याचं. मी सुट्टीवर आल्याने माझं विमान कुणा बेभरवशाच्या माणसाच्या हाती गेलं आहे याची गावाला खरीखुरी काळजी लागली. जो तो येऊन विचारी, कधी जातोस परत? माय तर म्हणायची, "तू नाई त नाई, गाडी त तुयीच हाय ना? तिले लागली नजर, मंग?" आणि मूठ भरून अंगणात जायची. मी दारात उभा. जे विमान आता माझं कधीच असणार नव्हतं त्याची दृष्ट माझ्या डोळ्यांदेखत निघायची, आणि मला त्या क्षणी खाली बसून तोंड झाकून घ्यावंसं वाटायचं. एकटेपणा मी वसतिगृहात पाहिला होता, तळावर पाहिला होता. पण आपल्याच घराच्या दारात, आपल्याच मायच्या मागे उभं राहून इतकं एकटं वाटतं हे मला तेव्हा कळलं.

दिवस कसा घालवावा हा प्रश्न होता. धान कापणी चालू होती, पण मला कोणी विळा देईना. "विमानवाल्याचे हात खराब होतीन," म्हणत. मी पाळीवर जाऊन बसायचो. तिथून रानाची काळी कड दिसायची आणि तलावावर उतरलेली बदकं. बदकं कशी उतरतात ते मी तासन् तास बघायचो. पाय पुढे, छाती वर, पंख पसरलेले, आणि अलगद पाण्यावर. एकही आदळायचं नाही.

एका सकाळी बा म्हणाला, "चाल." पाणी निवळलं होतं. हिवाळ्यात आमचा तलाव कडेला काचेसारखा होतो. बाने डोंगा ढकलला, बांबू स्वतः घेतला आणि भाला माझ्या हातात दिला. लहानपणी नेहमी असंच असायचं. बुडालेल्या खोडापाशी त्याने डोंगा थांबवला. खाली मरळ होती, चांगली हातभर, गाळावर स्वस्थ. मी भाला उचलला, श्वास धरला आणि मारला.

भाला गाळात रुतला. मरळ गेली.

बाने बांबू रेटला. पुढच्या जागी नेलं. तिथेही तेच. तिसऱ्या जागी मी फार वेळ लावला, घामाघूम झालो, आणि पुन्हा हात कोरडा. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी मासा दिसतो तिथेच मारत होतो. जमीन जहां दिखती है, वहीं है. साहेबांनी शिकवलेलं मला शेवटी आलं होतं. फक्त ते विमानात यायला हवं होतं, ते डोंग्यात आलं. मला हसू फुटलं, मोठ्याने, आणि मग ते हसू राहिलं नाही. भाला मांडीवर आडवा ठेवून मी त्या डोंग्यात ढसढसा रडलो, एवढा वाढलेला माणूस.

बा बांबूला टेकून उभा होता. माझं रडणं संपेपर्यंत त्याने डोंगा एका जागी स्थिर धरून ठेवला. मग म्हणाला, "काढलं का तुले?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"सुट्टीवरचा मानूस जेवते. तू आल्यापासून चिवडून राह्यला."

मी सगळं सांगितलं. आदळणं, साहेब, मासा, धावपट्टी. माशाचं ऐकून त्याचा चेहरा उतरला. हे मात्र मी सांगायला नको होतं असं मला वाटलं. "म्या शिकवलं ते आडवं आलं मंग," तो म्हणाला. मी नाही नाही म्हणालो. त्याने हात वर करून मला थांबवलं. मग म्हणाला, "मायले तूच सांग. मायाकून नाई होत ते." त्याने माझ्या हातून भाला घेतला, पुढच्या खोडापाशी डोंगा नेला आणि एका फटक्यात मरळ वर काढली. रिकाम्या हाताने घरी जायचं नव्हतं त्याला.

माय अंगणात चटईवर झिंगे निवडत होती. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो.

"माय, मले काढलं."

"कोनं?"

"साहेबानं. विमानावरून."

"काऊन?"

"मले उतरवता येत नाई. वर चांगलं चालवतो, पन जमिनीवर उतरवता येत नाई."

तिने झिंग्यांतला एक खडा उचलून बाजूला टाकला. मनापासून विचार केला आणि म्हणाली, "मंग नोको उतरवू. वरच्या वर चालव."

आज हे लिहिताना मी हसतो आहे. तेव्हाही हसायला हवं होतं, म्हणजे तीही हसली असती. पण मी तिला समजावत बसलो, की प्रत्येक विमानाला उतरावंच लागतं, की आता मी परत जाणार नाही, की हैदराबादेचं सगळं संपलं. ती ऐकत होती. हात चालूच होते. शेवटी म्हणाली, "मंग एवढे दिवस मी कोनाची नजर काढून राह्यली होती?" ती उठली आणि निवडलेले झिंगे आत घेऊन गेली.

त्यानंतर दोनशेपट्या आलं तेव्हा आम्ही तिघेही घरात होतो. झाकणी थरथरायला लागली. मी मायकडे बघितलं. ती उठली नाही. तिने हात लांब करून झाकणीवर ठेवला आणि आवाज जाईपर्यंत ती दाबून धरली. मग भाताची पेज काढली. मी काय सांगू, विमानावरून काढलं त्या दिवशी जे झालं नव्हतं ते तेव्हा झालं. त्या हाताखाली झाकणी गप्प झाली, आणि माझं आभाळाशी असलेलं नातं तिथे तुटलं. तिच्या बाजूने ते बरोबरच होतं. पोरगा वर नाही, तर मीठ-मिरची कशाला नासायची?

गावाला हळूहळू कळलं. कोणी वाईट बोललं नाही. सदाशिवभाऊंनी कुंपणावरून एक भोपळा दिला आणि विमानाचा विषय पुन्हा काढला नाही. मला विळा मिळाला, मी धानाच्या बांधीत कापणीला जाऊ लागलो. पोरं आता रस्ता बदलत नव्हती, पण माझ्यापाशी आली की एकदम गप्प होत. पुढे मी पाटबंधाऱ्यांच्या नोकरीत लागलो आणि उभा जन्म तलावांची खोली मोजण्यात काढला. त्या कामात पाणी दिसतं किती आणि असतं किती हा फरक उपयोगी पडला, एवढं खरं. पण ते नंतरचं. तो हिवाळा मात्र लांबच लांब होता. दर वेळी तो आवाज यायचा, झाकणीवर मायचा हात जायचा, आणि मी भिंतीकडे तोंड करून काहीतरी शोधत असल्यासारखं करायचो.

मग ती दुपार. बा तलावावर, माय मासळीची टोपली घेऊन बाजाराला गेलेली. मी एकटा, भात झाकून ठेवलेला, भूक नव्हती. झाकणी थरथरली. हात ठेवायला माय नव्हती, तशी ती खणखणत राहिली. मी उठून अंगणात आलो आणि सवयीने आवाजाच्या पुढे बघितलं.

विमान नेहमीपेक्षा खाली होतं. तलावाच्या मधोमध आलं आणि त्याने डावा पंख खाली केला, मग उजवा, मग पुन्हा डावा. शेजारी साहेब असते तर असं कोणी केलं नसतं. उजवी खुर्ची रिकामी होती. मॅथ्यू एकटा होता, आणि आता त्याला एकट्याने परत जाऊन त्या धावपट्टीवर उतरायचं होतं.

मी आत धावलो. फडताळातून मीठ घेतलं, मोहरी सांडली, मिरच्या हाताला लागतील तितक्या घेतल्या. बाहेर येऊन ओवाळायला लागलो. मला विमानाचा वेग ठाऊक होता, म्हणून मी आवाजाला नाही, त्याच्या पुढे, दूर वैनगंगेच्या बाजूला जो ठिपका चालला होता त्याला ओवाळलं. काय पुटपुटायचं ते आठवेना. मॅथ्यू, मॅथ्यू, एवढंच म्हणत राहिलो. कॉलेज शिकलेला मी, अंगणात उभा राहून यंत्राची दृष्ट काढत होतो, आणि मला त्याची काडीची लाज वाटली नाही. अंगणातली चूल विझलेली होती, म्हणून आत जाऊन मूठ घरातल्या चुलीतल्या निखाऱ्यांवर टाकली.

असा ठसका उठला की विचारू नका. घर मिरचीच्या धुराने भरलं. मी खोकत, डोळे पुसत दाराकडे आलो, तर दारात माय. डोक्यावर रिकामी टोपली, तोंडाला पदर.

"काय जाळलंस रे?"

मी आभाळाकडे बोट केलं.

"कोन होता?"

"मॅथ्यू."

"तो चटनीवाला?" तिने टोपली खाली ठेवली. "त्याले माय नाई ना?"

"नाई."

"सरक मंग," ती म्हणाली.

तिने फडताळातून नव्याने मूठ भरली आणि अंगणात गेली. विमान गेलं होतं. आवाजही गेला होता. ती मान वर करून जरा वेळ उभी राहिली आणि मग जिथे आवाज झाला होता त्या मोकळ्या आभाळाला शांतपणे ओवाळू लागली. "रानातली, पान्यातली, वाटंवरची, घाटावरची, कोनाची असन त्याची..." ते पुढे गेलं आहे असं मी तिला सांगितलं नाही. मी दाराशी सरकून उभा होतो. मी खरंच वर असताना ती कशी उभी राहत असेल ते मी आता बाजूने बघत होतो.

मग आत येऊन तिने मूठ निखाऱ्यांवर टाकली. पुन्हा ठसका. आम्ही दोघंही खोकलो, नाका-डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत खोकलो. पदराने डोळे पुसून ती म्हणाली, "नाई नजर. काईच नाई. उतरन तो बराबर."

मी चुलीपुढे बसलो. तिने गंजावरची झाकणी काढली, भात वाढला, वर डाळ ओतली आणि ताटाच्या कडेला चटणी ठेवली. त्या दिवशी मी जेवलो.